रात्रभर उभे राहणे हे ‘काम’ नाही काय?

“मोठ्या वयात विज्ञान डोक्यात शिरत नाही, त्यात भाषा परकी असेल तर विचारूच नका,” असे शिकलेली माणसे सहज बोलून जातात. आपल्याकडे बोलतात, तशी इंग्लंडमध्येही बोलतात. गेली दोन वर्षे आम्ही दोघे लेस्टर शहरात आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रौढांना विज्ञान शिकवतो. आमच्यापैकी एकाचे शिक्षण समाजशास्त्राचे, दुसरीचे भौतिकशास्त्राचे. या अनुभवावरून आमचे म्हणणे असे की, हे विधान खोटे आहे आणि ते कोणाच्या सोयीचे आहे हेही तपासले पाहिजे.

आमच्या वर्गात केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणारी सोमाली बाई आहे. गोदामात माल उचलणारा पोलंडचा तरुण, सीरियातून आलेले शिंपीकाका, सत्तरीच्या गुजराती बा आणि रात्रपाळी करणारे एक पंजाबी सिक्युरिटी गार्ड आहेत. कोणी बारा वर्षे शाळेत गेले, कोणी चारच. यांना विज्ञान येत नाही असे म्हणायचे काय?

बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवल्या की मऊ पडतात, त्यांचे वजन घटते. पुस्तक याला ‘ऑस्मोसिस’ म्हणते. बा म्हणाल्या, “कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तेच ना हे?” तेच! सफाईचे काम केलेल्या बायकांना ठाऊक होते की ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र झाले की छाती भरून येते. तो क्लोरीन वायू असतो, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. बाटल्या हातात दिल्या, ज्ञान दिले नाही.

म्हणून अनुभव तेवढा सगळा खरा, असे आम्ही म्हणत नाही. जड वस्तू आधी पडते, असे जवळजवळ सगळ्यांचेच मत होते. एक बाटली भरून घेतली, एक अर्धी, आणि दोन्ही सारख्या उंचीवरून सोडल्या. चार वेळा सोडल्या, चारही वेळा बरोबरच पडल्या. पोलिश तरुणाने लगेच विचारले, “मग पीस का तरंगतं?” तिथून हवेच्या विरोधाचा धडा सुरू झाला. शिक्षकाचे ऐकून मान डोलावण्यापेक्षा हा प्रश्न मोलाचा.

सर्वांत मोठा प्रश्न गार्डभाऊंनी विचारला. भौतिकशास्त्रात वस्तू हललीच नाही, तर बलाने केलेले कार्य शून्य. मराठी पुस्तकात त्याला ‘कार्य’ म्हणतात, म्हणून आपल्याला ते खटकत नाही. इंग्रजीत मात्र त्यालाही ‘वर्क’ आणि नोकरीलाही ‘वर्क’. भाऊ म्हणाले, “मी बारा तास दारात उभा असतो. म्हणजे मी कामच केलं नाही?” वर्ग हसला, भाऊ हसले नाहीत. मग स्नायूंचा विषय निघाला. उभे राहतानाही स्नायूंचे तंतू आकुंचन पावत असतात, अन्नातील ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता होते. थकवा खरा आहे. विज्ञानाची व्याख्या मोजमापासाठी असते, माणसाच्या श्रमाची किंमत ठरवण्यासाठी नसते. हा भेद त्या दिवशी वर्गाला कळला तो पुस्तकामुळे नव्हे, भाऊंमुळे.

मग अडते कुठे? इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षक व्हायचे तर विज्ञानाची जीसीएसई पातळी लागते. नर्सिंगच्या पुष्कळ अभ्यासक्रमांनाही लागते. इंग्रजी आणि गणितात ती पातळी न गाठलेल्या प्रौढांना, निवासाच्या अटी पूर्ण होत असतील, तर ते शिक्षण मोफत मिळण्याची कायद्यात तरतूद आहे. विज्ञान त्या हक्कात नाही. आमच्या सोमाली ताईंना नर्स व्हायचे आहे. रुग्णाला कसे उठवावे, कुशीवर कसे वळवावे हे त्या रोज करतात. त्यांच्या वाटेत उभी आहे ती फी, बदलती शिफ्ट आणि परीक्षेची भाषा. बुद्धीचा इथे संबंध काय?

याच देशाने 1969 साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन केली. प्रवेशासाठी आधीची पात्रता मागितली नाही आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचे साहित्य, अगदी सूक्ष्मदर्शकसुद्धा, घरपोच पाठवले. म्हणजे इच्छा असेल तर दार उघडता येते. आपल्याला हे नवे नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले. हात एकाचे आणि डोके दुसऱ्याचे, ही त्या विभागणीची पहिली पायरी आहे. परदेशातल्या वर्गातही ती आम्हाला ओळखू येते.

तेव्हा मित्रहो, आपल्या वस्तीतील वाचनालयात आठवड्यातून एक तास मोठ्या माणसांसाठी विज्ञानाचा ठेवा. सफाई कामगार, आशाताई, घरकाम करणाऱ्या बायका यांना बोलवा. बटाटा, मीठ आणि दोन बाटल्या एवढे साहित्य पुरते. आधी त्यांना विचारा, मग शिकवा.