५५ इंच आणि आजीची बाज

टीव्ही घेणं हे काम मी फार सोपं समजत होतो. म्हणजे दिवसभर सर्व्हर आणि लॉग बघणाऱ्या माणसाने एक टीव्ही निवडायचा, त्यात काय एवढं? पण गेले पाच शनिवार-रविवार मी याच कामात आहे. पुण्याहून माजलगाव, माजलगावहून बीड, परत पुणे. एसटीत बसून मोबाईलवर पॅनेलचे प्रकार वाचायचे. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "पोरी बघायलास का?" म्हटलं, नाही काका, टीव्ही. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

कारण आधी सांगतो. आमच्या आजीच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. मोतीबिंदू नव्हे, तो केव्हाच काढलाय. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर नजर लावली की नेमका चेहराच पुसल्यासारखा होतो, कडेचं दिसतं. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की जे काही दाखवायचं ते मोठं करून दाखवा, उजेड चांगला ठेवा, आणि जवळून बघितल्याने डोळे अजून बिघडतात हे डोक्यातून काढून टाका.

घरात ३२ इंची टीव्ही. संध्याकाळी सगळे समोर बसणार आणि आजी दर दोन मिनिटांनी विचारणार, "कोण बोलायलंय रं हे?" आई सांगायची, मी गेलो की मी सांगायचो, अण्णा कधी सांगायचे, कधी "आत्ताच सांगितलं की" म्हणायचे. दिवाळीत लक्षात आलं की आजीने विचारणंच बंद केलंय. बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहते, टीव्ही चालू असला तरी. मला ते काही बरोबर वाटलं नाही.

आता गणित. पडद्यावरची गोष्ट डोळ्याला किती मोठी वाटते हे नुसत्या इंचावर ठरत नाही. इंच भागिले अंतर. आमच्या बैठकीत बाज टीव्हीपासून १० फुटांवर, म्हणजे १२० इंच. आकार दुप्पट हवा असेल तर ६४ इंची टीव्ही घ्या, नाहीतर आहे तोच ३२ इंची ठेवा आणि ५ फुटांवर बसा. दुसरा उपाय फुकट आहे! इंजिनिअर माणसाला फुकट उपाय दिसला की त्याचा आनंद विचारू नका. लगेच खुर्ची ५ फुटांवर ठेवली, आजीला बसवलं. तिला चेहरे दिसले, "ह्यो हसायलाय" असं म्हणाली सुद्धा. दहा मिनिटं बसली आणि उठून परत बाजेवर गेली.

का? तर सगळे तिच्या पाठीमागे. आलंगेलं माणूस दारातून तिच्या पाठीशी बोलणार. चहा मागून येणार. आजीचं म्हणणं, "मी काय शाळंत पहिल्या बाकावर बसलेय का लेका?" बरोबर होतं तिचं. तिला टीव्ही बघायचा होता, पण सगळ्यांबरोबर बघायचा होता. म्हणजे फुकट उपाय बाद. सगळे एका ओळीत बसतील आणि तरीही तिला दिसेल, असं काहीतरी हवं.

अण्णांचा विरोध वेगळाच. "एवढा मोठा टीव्ही? लोक काय म्हणतील, पोरगा आयटीत गेला म्हणून..." आमच्या गल्लीत निम्मी घरं दसरा झाला की उसाच्या फडावर निघून जातात, कुलपं लावून. तिथे भिंतभर टीव्ही लावायचा म्हणजे अण्णांना तो लग्नाचा मांडव वाटतो. मी काही वाद घातला नाही. त्यांना त्यांचाच किस्सा आठवून दिला. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता आणि रविवारी सकाळी चाळीस माणसं त्यासमोर बसायची. तेव्हा कोणी म्हटलं का, एवढा कशाला? अण्णा म्हणाले, "तो काळा-पांढरा होता." (या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.)

नंतर आमच्याकडे व्हिडिओकॉनचा २१ इंची आला. तो आपल्या मराठवाड्याचा टीव्ही, औरंगाबादजवळच्या चितेगावचा. अंबाजोगाईच्या टॉवरकडे अँटेनाचं तोंड करून सह्याद्री लावायचं, मी गच्चीवर आणि अण्णा खालून ओरडणार, "आलं... गेलं... थांब!" त्या कंपनीवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि अँटेनाचं प्रक्षेपणही प्रसारभारतीने बहुतेक ठिकाणी २०२२ पर्यंत आवरतं घेतलं. आता घरावर फ्री डिशची छत्री आहे, २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली तीच सेवा. महिन्याचं भाडं नाही, म्हणून अण्णांची लाडकी. असो.

तर ही छत्री महत्त्वाची आहे, कारण दुकानात कोणीच तिच्याबद्दल बोलत नाही. दुकानात काय दाखवतात? पोपट, फुलं, परदेशातली बर्फाची शिखरं. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. साध्या चॅनेलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६. भागाकार करून बघा, बरोबर २० येतो. म्हणजे चॅनेलकडून आलेला एक ठिपका टीव्हीने २० ठिपक्यांवर पसरवायचा. पोपट कितीही सुंदर दिसो, संध्याकाळच्या बातम्या पिठल्यासारख्या दिसू शकतात. म्हणून मी पेनड्राइव्हवर मुद्दाम साध्या दर्जाचं एक कीर्तन आणि अर्ध्या तासाच्या बातम्या टाकून नेल्या. बीडला सुभाष रोडवरच्या दुकानदाराने ते लावलं खरं, पण चेहऱ्यावर असे भाव की मी मिठाईच्या दुकानात घरची भाकरी सोडलीय.

आजीला बरोबर नेलं होतं. डोळे तपासायला बीडला आणलंच होतं, म्हटलं येताना दुकानात जाऊ. पोराने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी टेप लावून अंतर मोजलं. ती एकेका टीव्हीसमोर बसली आणि मी एकच प्रश्न विचारला, कोण बोलायलंय?

इथे माझं बरंचसं वाचन बाजूला पडलं. दुकानदार क्यूएलईडीचे रंग दाखवत होता. रंग छानच होते, पण आजीला रंगांचं काय? तिला चेहऱ्याची कड मागच्या पडद्यापासून सुटी दिसायला हवी. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. त्यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि तो खोक्यावरच्या इंग्रजी अक्षरांपेक्षा पॅनेलच्या जातीवर जास्त अवलंबून असतो. व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. आयपीएसमध्ये उलट, बाजूने ठीक, पण काळा म्हणजे राखाडी. दुकानदाराला जात विचारली तर "चांगली कंपनी आहे सर" एवढंच कळलं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे अंधारातला प्रसंग लावा आणि टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभे राहा. आमच्याकडे बाज आणि सोफा दोन्ही समोरच, त्यामुळे व्हीए. आजीने तिसऱ्या टीव्हीसमोर म्हटलं, "ह्यो दाढीवाला बाबा. मागं टाळकरी हायेत." झालं! माझ्या यादीत तो चौथ्या क्रमांकावर होता.

आता ५५ की ६५? त्या दुकानात ५५ चा भाव ३८,५०० आणि त्याच जातीच्या ६५ चा ५७,०००. परत तोच भागाकार. १० फुटांवरून ६५ इंची म्हणजे आत्ताच्या साधारण दुप्पट. ५५ इंची घेऊन बाज आणि सोफा दोन्ही २ फूट पुढे घेतले तर २.१५ पट. म्हणजे लहान टीव्ही जास्त मोठा दिसतो. :) वाचले १८,५०० रुपये, फुटाला सव्वानऊ हजार. माजलगावात जमिनीचेही असे भाव नसतील. आणि हो, ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय. लोक म्हणतात १० टक्के स्वस्त झाला. तसं नाही. ११८ भागिले १२८ करा, किंमत ७.८ टक्केच उतरते. दुकानदाराने तेवढी उतरवली आहे ना, हे आपण बघायचं.

ऑनलाइन हजार-दीड हजार कमी पडत होते. तरी दुकानातूनच घेतला. घेण्याआधी पुण्यातूनच तीन कंपन्यांच्या सेवा केंद्रांना फोन करून माजलगावचा पिनकोड सांगितला होता. एकाने सांगितलं, माणूस छत्रपती संभाजीनगरहून येईल, आठवडा धरा. एकाने पिनकोड दोनदा विचारून फोन ठेवला. तिसऱ्याचा माणूस बीडमध्येच होता. पॅनेल फुटलं तर ते बदलायचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा येतो, त्यामुळे दुकानदाराने आपल्या टेम्पोतून आणून, समोर चालू करून दाखवून मग पैसे घेणं, याची किंमत हजार-दीड हजाराहून जास्त आहे असं माझं मत.

वीज. आमच्याकडे व्होल्टेज कमी होण्याची सगळ्यांना भीती, त्यासाठी स्टॅबिलायझर घेतात. आजचे टीव्ही कमी व्होल्टेजवर निमूट चालतात. खरी भीती खांबावरची न्यूट्रलची तार तुटण्याची. तसं झालं की घरात २३० ऐवजी थेट ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात आणि मग टीव्ही, फ्रिज, पंखा, कोणालाच सोडत नाही. म्हणून जास्त व्होल्टेज आलं की तोडणारं साधन लावलं. आणि वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढायच्या. हे काम अण्णांनी आपणहून घेतलं.

बसवायला आलेल्या पोराशी मात्र वाद झाला. तो ब्रॅकेट पाच फुटांवर मारणार होता. "सगळे वरच लावतात साहेब, शो येतो." मी आजीला बाजेवर बसवलं, तिच्या डोळ्यांची उंची मोजली, जमिनीपासून तीन फूट. पडद्याचा मध्य तिथे. टीव्ही चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच, म्हणजे खालची कड दोन फुटांच्या जरा खाली. शोकेसची दोन फळ्या आणि माझी दहावीची ट्रॉफी हलवावी लागली. मग भडक चित्राचा मोड बंद, वीज वाचवायला आपोआप मंद होण्याची सोय बंद, आणि चालू केल्याबरोबर थेट छत्रीचा डबाच दिसेल अशी सेटिंग, नाहीतर त्या ॲपच्या चौकोनांत आई हरवते.

पहिल्या संध्याकाळी अण्णा पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. बातम्या लागल्या. आजी म्हणाली, "ह्यो मागं बी आला होता. लई खोटं बोलतंय हे." अण्णांनी पेपर खाली केला आणि नेमकं कोण खोटं बोलतंय यावर दोघांची जुंपली, ती जेवणापर्यंत. आईने दोनदा आवाज कमी केला, टीव्हीचा नव्हे.

जुना ३२ इंची अजून माळ्यावर आहे. कोणाला द्यायचा यावर घरात चार मतं आहेत.