झुंबर निवडताना

मराठी गद्यात ऐश्वर्याचे वर्णन करायचे झाले की ‘हंड्या-झुंबरे’ हा जोडशब्द हमखास येतो, आणि तो इतक्या सवयीने येतो की त्यातील झुंबर डोळ्यांपुढे उभे राहतच नाही. आम्ही दोघी बहिणी आयुष्यभर साहित्य शिकवीत आलो. वर्गात झुंबर आले की त्याला ‘सरंजामी वैभवाचे प्रतीक’ अशी चिठ्ठी लावायची आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळायचे, ही आमचीही रीत होती. आईसाठी खरेखुरे झुंबर विकत घ्यायची वेळ आली तेव्हा ती रीत उपयोगी पडली नाही.

आमचे बालपण गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत गेले. छताला ६० वॉटचा एक दिवा असे. आई मात्र अधूनमधून म्हणे, ‘माझ्या घरात झुंबर असेल.’ ते घर कोठे आहे हे तिने कधी सांगितले नाही. आम्ही पाटीवर त्याचे आराखडे काढीत असू आणि दर खेपेस निराळे झुंबर निवडीत असू. कल्पनेतल्या घराला छताची उंची नसते, कडीला किती भार पेलेल हा प्रश्न नसतो आणि धूळ तर नसतेच.

गेल्या वर्षी पुण्यात सदनिका घेतली. आईला तेव्हा ८२वे वर्ष लागले होते. दिवाणखान्याची उंची साडेनऊ फूट. खालून माणसे ये-जा करणार असतील तर झुंबराचे टोक जमिनीपासून निदान सात फुटांवर हवे, असे दुकानदाराने सांगितले. म्हणजे स्वप्नाच्या वाट्याला अडीच फूट आले. मग त्याने विचारले, ‘कडी स्लॅबमध्ये आहे ना? फॉल्स सीलिंगला बारा किलो पेलणार नाहीत.’

त्या प्रश्नासरशी ग्वाल्हेरचा जयविलास महाल आठवला. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली बांधून पुरा केलेल्या या महालाच्या दरबार दालनात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छत पारखण्यासाठी वर हत्ती चढविले होते, अशी कथा तेथे सांगतात. कथेत तथ्य किती हा भाग निराळा. पण तिच्यातला शहाणपणा आम्हां साहित्य शिकविणाऱ्यांना लाजविणारा आहे. आम्ही एखाद्या कृतीच्या छताला वाटेल तेवढे जड प्रतीक टांगतो. आधी हत्ती चढवून पाहत नाही. आईच्या त्या एका वाक्यालाही आम्ही असेच काहीतरी टांगून ठेवले होते: दारिद्र्यातले वैभवाचे स्वप्न.

दुकानात आईने एका झुंबराचा लोलक बोटांत धरला आणि विचारले, ‘हे काढता येतात का?’

‘नाही आजी, पक्के बसवलेत. फडकं फिरवलं की झालं.’

आईचा चेहरा उतरला. रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग सांगू लागली. तिच्या कोकणातल्या गावी देवळाच्या सभामंडपात झुंबर होते. रामनवमीच्या आधी ते दोराने खाली उतरवीत. आठ-दहा मुली जमत, एकेक लोलक काढून रिठ्याच्या पाण्यात धूत, जुन्या धोतरावर वाळत घालीत, डोळ्यांशी धरून रंग पाहत आणि कोणता लोलक कोठला यावरून भांडत. ‘झुंबर एकटीनं पुसायचं नसतं गं,’ ती म्हणाली, ‘एकटीला नाही उरकत ते.’

तिच्या घरात झुंबर होते ते एवढ्यासाठी. आम्ही पन्नास वर्षे त्याचा प्रकाश मोजला. तिला हव्या होत्या त्या आठ-दहा मुली.

सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’ (१९५८) आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा दाखविला आहे. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कथेवरचा हा चित्रपट अंधारात झुलणाऱ्या झुंबराने सुरू होतो; अखेरीस मेणबत्त्या एकेक विझू लागतात तेव्हा जमीनदार विश्वंभर राय भयभीत होतो. त्या विझण्यावर आम्ही तासचे तास बोललो. पण शेवटच्या मैफलीसाठी जलसाघर पुन्हा उघडते आणि अनंत हा नोकर हर्षभराने साफसफाईला लागतो, तो प्रसंग आम्ही घाईने ओलांडीत असू. परवा तो पुन्हा पाहिला. एवढ्या मोठ्या वाड्यात झुंबरासाठी आता बहुधा तेवढेच हात उरले आहेत. विश्वंभराला ते शेवटी कळते. अनंताला ते केव्हाच कळलेले असणार.

असो. झुंबर अखेर जुन्या बाजारात मिळाले. लहानसे, दोन ठिकाणी डाग दिलेले. पण त्याचे छत्तीसही लोलक काढता येतात. रामनवमीच्या आदल्या दिवशी ते उतरविले. आईचे हात कापतात, म्हणून तिने फक्त मोजायचे असे ठरले होते; ते तिने पाळले नाही. एक लोलक फुटला. दुपार सरत आली तरी काम उरकेना, तेव्हा शेजारच्या मुलीला हाक मारावी लागली. ती आली ती मैत्रिणीला घेऊनच.

पुढच्या वर्षी आणखी दोघी-तिघी लागतील, असे आईचे मत आहे.