सातबारा आणि मत

धरमतरच्या खाडीत आता डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळशाच्या, लोहखनिजाच्या बार्ज येतात. पूर्वी पेणच्या मिठागरांतले मीठ आणि खाडीकाठच्या खारेपाटातला भात भरती साधून मचव्यांतून मुंबईला जाई. मीठ डोक्यावरून वाहणाऱ्या, भात कापणाऱ्या बायकाच. वहीत नावे मात्र खोताची, सावकाराची.

१९२१ साली मद्रासपाठोपाठ मुंबई विधिमंडळाने स्त्रियांना मत दिले. अट मालमत्तेची. गावाकडे मत शेतसाऱ्यावर ठरे, सारा ज्याच्या नावे त्याला मत. कुळाच्या बायकोला त्यात जागाच नव्हती, बहुतेक कुळांनाही नव्हती.

चरीचा संप, २७ ऑक्टोबर १९३३. शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या हाकेवर खाडीपलीकडच्या अलिबाग तालुक्यातल्या चरीसह पंचवीस गावांनी खोतांची शेती कसायचे सोडले, ते सुमारे सहा वर्षे. लाकूडफाटा, रानमेवा, मासळी विकून घरे चालली. विकायला डोक्यावर पाटी घेऊन कोण गेले असेल, हे खारेपाटात कुणाला सांगावे लागत नाही. मला हा संप जेवढा पाटलांचा, तेवढाच त्या बायकांचा वाटतो. मधेच १९३७ची निवडणूक झाली. नव्या कायद्याने मालमत्ताधारकाच्या बायकोला आणि लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला मत होते. संपावरच्या घरांत या दोन्ही गोष्टी दुर्मीळ.

१९५२. कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, चिंतामणराव देशमुख लोकसभेवर गेले. या वेळी सारा, अक्षर, नवरा काहीच आड आले नाही. तरी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून वगळली गेली. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद होती त्यांची.

२१ सप्टेंबर २००८. रिलायन्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची का, यावर पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने मते घेतली. देशात असे क्वचितच घडले असेल आणि गावकऱ्यांनी ते लढून मिळवले, याचा मला अभिमान आहे. पण मते खातेदारांची होती. पुन्हा जमीन ज्याच्या नावे, त्याला विचारणा. मोर्चात पुढे चालणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नसलेल्या बाईने त्या दिवशी काय करायचे?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीतून बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढवायची मोहीम काढली होती. ती खारेपाटात गावोगाव व्हायला हवी. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला. तरी जमिनीला गिऱ्हाईक आले की भाऊ बहिणीकडे जातो तो बहुतेकदा हक्कसोडपत्र घेऊन.