दोन कागद, एक पोट

टाकीत दोन औषधं एकत्र करताना आम्ही आंबावाले दहादा विचार करतो. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात कुठलंही कीटकनाशक डोळे मिटून ओतत नाही. चुन्यानं कितीतरी औषधं मरतात. शंका असली तर आधी बाटलीत थोडं मिसळून बघायचं. दुधासारखं फाटलं की संपलं. पोटाची अशी बाटली नसते. तिथं विचारावंच लागतं.

आमच्या वैनींच्या हृदयाची झडप बदलल्यापासून त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी घेतात. आषाढात लावणीला गुडघे धरले. दुसऱ्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक लिहून दिली. गुडघ्याचा झडपेशी काय संबंध, म्हणून वैनींनी तिकडे झडपेचं काढलंच नाही. मी गोळ्या आणायला गेलो तो दोन्ही कागद घेऊन.

"भावोजी, दोन्ही डॉक्टरांनीच लिहिलंय ना, मग विचारायचं काय?"

"एकाचा कागद दुसऱ्यानं बघितलाय कुठं?"

औषधवाल्यानं दोन्ही वाचले नि म्हणाला, "काका, ही देत नाही. आधी झडपेच्या डॉक्टरांना फोन लावा." डॉक्टरांनी समजावलं. दुखण्याची ती गोळी पोटाचं अस्तर सोलते, त्यात रक्त लवकर थांबत नाही. आतल्या आत वाहत राहतं, नि डांबरासारखं काळं शौचाला झालं की मग कळतं. वॉरफॅरिन मात्र मनानं बंद करायची नाही, झडपेत गुठळी धरते. त्यांनी थोडे दिवस पॅरासिटामॉल मोजून दिली नि आयएनआरची तपासणी लवकर करायला सांगितली, कारण रोज घेतली तर तीही रक्त आणखी पातळ करते.

या औषधाचं मूळ गोठ्यातलंच. अमेरिकेत बुरशी आलेलं गोड क्लोव्हरचं गवत खाऊन गुरं रक्त वाहून मरत. 1933 साली एक शेतकरी मेलेली कालवड नि न गोठलेलं रक्त घेऊन बर्फातून कार्ल लिंक या शास्त्रज्ञाकडे गेला. त्या शोधातून वॉरफॅरिन निघालं. 1948 ला उंदरांसाठी, 1954 ला माणसांसाठी. माडावरच्या उंदरांना आपण ब्रोमॅडिओलोनची वडी ठेवतो, ती याच गोतातली.

आता वैनींची पिशवी खुंटीला असते. सगळे कागद, सगळ्या पट्ट्या, वैद्यांच्या पुड्यासुद्धा त्यातच. कुठल्याही डॉक्टरांकडे जायचं तर आधी पिशवी टेबलावर, मग दुखणं.