डाग ओला असेपर्यंत

होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरायला लागले की अक्कलकुव्यात सोनारकाम करणाऱ्या नानांच्या बागेसरीतला विस्तव दिवसभर विझत नसे. डोंगरातून बाया उतरायच्या आणि पदराची गाठ सोडून तुटलेल्या वाक्या, साखळ्या पुढे ठेवायच्या. नाना आधी तुटकी कडी घासूनपुसून लख्ख करायचे. मग टाकणखाराचं पाणी, त्यावर झाळायचा तिळाएवढा डाग आणि फुंकणीतून निघालेली निळी जीभ. चांदी ९६२ अंशांना वितळते, डाग तिच्या बराच आधी. डाग एकदम चमकून सांध्यात शिरला की मी हात पुढे करायचो. नाना चिमट्यानेच अडवायचे.

"थांब रे भाऊ, डाग आजून वला शे."

आग विझल्यानंतरचा तो ओलावा मला खरा कळला नाशिककडे, टायटॅनियमसमोर. नंदुरबारच्या आयटीआयमधून वेल्डर होऊन मी तिकडे गेलो होतो. ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ सालचा. मिग-२१ तिथे बांधली गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला त्या विमानांनी हवाई दलाचा निरोप घेतला, तेव्हा ओळखीचं कुणी गेल्यासारखं वाटलं. सुखोई-३० तिथेच बनते आणि मोठ्या दुरुस्तीलाही तिथेच येते. मी मात्र त्या भागातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये शिकत होतो.

टायटॅनियम स्टीलपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक हलका आणि ताकदीला तोडीस तोड. पण तापला की हवेला हपापतो. १६६८ अंशांना वितळतो, आणि निवत चारएकशे अंशांच्या खाली येईपर्यंत मिळेल तो ऑक्सिजन, नायट्रोजन पीत राहतो. मग काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून सांध्यावर पुढून आणि मागूनही आर्गॉनचं पांघरूण घालायचं. त्याआधी ॲसिटोनने पुसायचं, हातमोजे घालायचे. बोटाचं तेलसुद्धा त्याला चालत नाही. नानांचा टाकणखार हेच काम करत होता, हवेला सांध्यापासून दूर ठेवण्याचं.

माझा पहिला सांधा निळा आला. मोराच्या मानेसारखा, जांभळ्याकडे झुकणारा. मला तो फार सुंदर वाटला. सुपरवायझरनी लाल मार्करने त्यावर फुली मारली आणि तुकडा कापायला सांगितलं. चांगला सांधा चांदीसारखा उजळ दिसतो. गवती पिवळेपणाही एकवेळ चालून जातो. पण निळा म्हणजे आत हवा शिरली. माझी चूक शेवटच्या काही सेकंदांतली होती. आर्क विझताच मी टॉर्च उचलली होती. आर्क विझला तरी गॅस चालू ठेवायचा, टॉर्च तिथेच धरायची, धातू निवेपर्यंत श्वाससुद्धा सांभाळून घ्यायचा. त्या सेकंदांत हाताला काहीच काम नसतं, आणि ते काहीच न करणं शिकायला मला वर्ष लागलं.

दुरुस्तीचं काम त्याहून नाजूक. पत्र्यात भेग गेली असेल तर तिच्या टोकाशी बारीक भोक पाडतात. टोक जितकं तीक्ष्ण तितका ताण तिथे एकवटतो. गोल भोकात तो पसरतो आणि भेग थांबते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जीव कासावीस झाला होता, आधीच जखमी पत्र्याला आणखी भोक! भेगेचं टोक नेमकं कुठे आहे, हे उघड्या डोळ्यांना कळत नाही. चमकणारं द्रव्य लावायचं, ते भेगेत मुरू द्यायचं, वरचं पुसून टाकायचं आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरायचा. केसाएवढी हिरवी रेघ उजळते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तिथेही वाट पाहावी लागते.

नानांकडे असा दिवा नव्हता. मला एक बाई आठवते, धडगावकडची, पाठीवर बाळ बांधलेलं. नानांनी निववून दिलेली कमरेची साखळी तिने घेतली. सांधा कुठे आहे हे शोधलंसुद्धा नाही. साखळीची दोन टोकं दोन मुठींत धरली, पाय रोवले आणि सगळ्या जोरानिशी ओढली. नाना खाली बसून तिच्या हातांकडे बघत होते. साखळी ताठ झाली, करकरली नाही. तिने ती कमरेला लावली आणि बाजाराकडे, ढोलाच्या आवाजाच्या दिशेने निघून गेली.