नगरच्या छावणीतले बोअर

दौंड सोडलं की गाडी भीमा ओलांडते. उसाचे पट्टे मागे पडतात आणि माळ सुरू होतो. दौंड–मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालचा. रूळ आणि पलटणी दोन्ही हाताशी असल्यामुळे समुद्रापासून दूरच्या नगरात परमुलखातले कैदी आणून ठेवणं इंग्रजांना सोयीचं होतं. १९०१पासून दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी जहाजं भरभरून हिंदुस्थानात आले. त्यांच्यासाठी जे तळ उभे राहिले, त्यांत नगर होतं.

कागदोपत्री आता हे अहिल्यानगर, पण रिक्षावाल्याला ‘नगरचा किल्ला’च सांगावं लागतं. भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे. दारावर ओळखपत्र दाखवायचं, नोंद करायची आणि खंदकावरून आत जायचं. येणारे बहुतेक जण नेहरूंची खोली बघायला येतात. चांदबिबी आठवणारेही भेटतात. बोअरांचं नाव मात्र कोणी काढत नाही.

हे लोक होते ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट या दोन प्रजासत्ताकांचे. डच वंशाचे शेतकरी, कट्टर प्रॉटेस्टंट, गुरंढोरं आणि बायबल सांभाळून असलेले. तोफखाना आणि पोलीस सोडले तर त्यांना खडं सैन्यच नव्हतं. सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक नागरिकाला बोलावणं आलं की निघावं लागे. आपल्या शिलेदारासारखा तो स्वतःच्या घोड्यावर येई, अंगावर शेतावरचेच कपडे, हातात बहुधा माउझर बंदूक. अशा तुकडीला ‘कमांडो’ म्हणत. तुकडीचे अधिकारी ही माणसं मतदानानं निवडत. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटनसमोर उभं राहून हे आठवलं, तेव्हा हसू आलं. इथे चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. रिसालदार मतदानानं निवडायचा म्हटलं तर काय होईल!

पण या शिलेदारीला जातीचं कुंपण होतं. नागरिक म्हणजे गोरा पुरुष. ट्रान्सवालच्या १८५८च्या घटनेनं काळ्या-गोऱ्यांची समता चर्चमध्ये आणि राज्यकारभारात साफ नाकारली होती. १८८५च्या कायद्यानं हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारलं, ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घेऊ दिली नाही. प्रिटोरियात अध्यक्ष क्रूगर यांच्या घरासमोरच्या फुटपाथवरून चालले म्हणून पहारेकऱ्यानं गांधींना लाथ मारून रस्त्यावर ढकललं होतं.

हे कैदी ज्या देशात आले, तिथली रयत निःशस्त्र होती. नगरला रेल्वे आली त्याच १८७८ साली हिंदुस्थानात शस्त्रास्त्र कायदा झाला. परवान्याविना बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. घरटी बंदूक असलेले शेतकरी साम्राज्याला अडीच वर्षं झुंजवतात, ही बातमी अशा देशात कशी वाचली गेली असेल, याचा अंदाज करता येतो. शेवटच्या पर्वात तर त्यांनी गनिमी कावाच केला. इंग्रजांनी उत्तरादाखल शेतवाड्या जाळल्या, बायकामुलं छावण्यांत कोंडली. त्यांतली सुमारे सव्वीस हजार मेली. काळ्यांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारोंनी मेले, पण त्यांची मोजदाद कुणी धड ठेवली नाही.

३१ मे १९०२ रोजी तह झाला. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेतली की कैदी सुटणार होते, तरी काहींनी ती घ्यायला नकार दिला. १९०३च्या अखेरीस त्यांची समजूत घालायला खुद्द जनरल दे ला रे हिंदुस्थानात आला. कालपर्यंत इंग्रजांना रानोमाळ पळवणारा हा सेनापती आता आपल्याच माणसांना इंग्रजांची शपथ घ्या म्हणून विनवत होता. युद्धातल्या कुठल्याही लढाईपेक्षा मला हा प्रसंग जास्त नाट्यमय वाटतो.

शपथ वाया गेली नाही. तहाच्या आठव्या कलमात काळ्यांच्या मताधिकाराचा प्रश्न स्वराज्य मिळेपर्यंत पुढे ढकलला होता, म्हणजे तो बोअरांच्याच हाती सोपवला होता. १९०७ साली बोअर सेनापती बोथा ट्रान्सवालचा पंतप्रधान झाला. नव्या कायदेमंडळानं सुरुवातीलाच हिंदी लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा केला. जानेवारी १९०८मध्ये तो मोडल्याबद्दल गांधी तुरुंगात गेले, तेव्हा सरकारच्या बाजूनं हे प्रकरण हाताळत होता तो जनरल स्मट्स, म्हणजे कालचा कमांडोचा सेनानी.