मे ते ऑक्टोबर

लॉस एंजेलिसच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर एल चोलो नावाचं जुनं मेक्सिकन रेस्टॉरंट आहे. आलेहान्द्रो आणि रोसा बोर्केस या नवरा-बायकोनं १९२३ मध्ये ते 'सोनोरा कॅफे' या नावानं सुरू केलं. पुढे त्यांची मुलगी आणि जावई यांनी ते वाढवलं आणि आज त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्या ते चालवतात. तिथल्या मेन्यूची एक खासियत आहे. पदार्थाच्या नावाशेजारी तो पदार्थ कधी आला ते साल छापलेलं असतं. कोवळ्या मक्याचे तमाले १९२३ चे. नाचोज १९५९ चे. टेक्सासच्या सॅन अँटोनिओहून आलेल्या कारमेन रोचा या वेट्रेसनं ते या शहराला खाऊ घातले.

माझा दादा हा मेन्यू सालांसकट वाचायचा. पाठ असलेलं कार्ड दरवेळी नव्यानं हातात आल्यासारखं उघडायचा आणि मला म्हणायचा, "अबे, हे तर आपल्या बाबांच्या जन्माच्याही आधीचं आहे!" मग मागवायचा मात्र ठरलेलंच. मे ते ऑक्टोबर या दिवसांत तमाले आणि एरवी एन्चिलाडा, भात आणि घोटलेल्या राजम्याची ताटली.

आम्ही वर्ध्याचे. दादा शिकायला म्हणून अमेरिकेत आला आणि इथलाच झाला. पाठोपाठ मी आलो. मधल्या काळात आई-बाबा गेले आणि वर्ध्याचं घर विकलं गेलं. बसस्टँडसमोर जिथं आम्ही तर्रीत बुडवलेला आलुबोंडा खायचो, तिथं मोबाइलचं दुकान आलं. दादा सुट्टीत गावी जाऊन आला की काही दिवस गप्प गप्प असायचा. त्याच्या वाट्याला आलेल्या जगात न बदललेली जागा एकच उरली होती आणि ती वर्ध्यात नव्हती. एल चोलोतल्या बुजुर्ग वेट्रेस त्याला नावानं हाक मारायच्या, वहिनीला मिरची कमी लागते हे त्यांना ठाऊक असायचं. "गावात आता मला कोणी ओळखत नाही, इथं ओळखतात," असं तो एकदा सहज बोलून गेला. त्या बोलण्याचं वजन मला तेव्हा जाणवलं नाही, आता जाणवतं.

मक्याचं ताट समोर आलं की त्याला हटकून पांडुरंग खानखोजे आठवायचे. खानखोजे आमच्या वर्ध्याचे. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक देशोदेशी भटकत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागला आणि मक्याच्या सुधारित वाणांवर काम करू लागला. गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यानं मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर जी चित्रं रंगवली, त्यांत खानखोजेही आहेत. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. दादा हे सगळं शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालाही सांगायचा. 'माझ्या गावचा माणूस तुमच्या मक्यासाठी राबला,' हे सांगताना त्याचा आवाज चढायचा. आपण इथं उपरे नाही, आपल्या आधी आपलं कुणीतरी या ताटापर्यंत येऊन गेलंय, याचा तो आनंद असायचा.

आणि तो तमाले! कणसाच्या सालीत बांधलेली, वाफवलेली पुरचुंडी ताटलीत येते. साल एका बाजूनं सोलत न्यायची. आतून वाफ उसळते आणि कोवळ्या मक्याचा गोड वास नाकात शिरतो. पिवळसर, ओलसर, काट्यानं दाबलं की सहज सुटणारा गोळा. त्याच्या पोटात वितळलेलं चीज आणि फारशी तिखट नसलेल्या हिरव्या मिरचीची पट्टी. वहिनी रत्नागिरीची. तिला पहिल्या घासापासून हळदीच्या पानातली पातोळी आठवली ती कायमची. सालीच्या रेघा मक्यावर उमटलेल्या असतात. दादा आधी त्या रेघांवरून बोट फिरवायचा, मग खायला सुरुवात करायचा. मक्याचा हंगाम सरला की तमालेही मेन्यूतून जातात. वर्षभर मिळत नाहीत म्हणून दादाला त्यांचं फार अप्रूप. एप्रिल संपत आला की त्याचा फोन यायचाच.

हल्ली या जुन्या पद्धतीच्या जेवणाला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. पिवळ्या चीजखाली बुडालेली एन्चिलाडा म्हणजे खरं मेक्सिकन जेवणच नव्हे, असं म्हणतात. मला हे पटत नाही. सीमेच्या उत्तरेला राहिलेल्या मेक्सिकन कुटुंबांनी इथं जे मिळालं त्यात आपल्या आईच्या हातची चव शोधली, गिऱ्हाइकाला रुचेल असं ताट मांडलं आणि त्यावर मुलंबाळं मोठी केली. घर सोडलेल्या माणसांनी परक्या मुलखात रांधलेलं ते खरंखुरं जेवण आहे. वहिनी इथल्या बाजारात मिळेल त्या पिठाचे मोदक करते, तेव्हा ती हेच करत असते.

दादा फेब्रुवारीत गेला. तमाले यायला अजून अवकाश होता. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत जेवणावरची वासना उडाली होती, तरी एकदा त्यानं विचारलं, "मे किती लांब आहे रे?" मी महिने मोजून सांगितले. तो डोळे मिटून हसला.

मे उजाडला आणि वहिनीचा फोन आला. "भाऊजी, जायचं ना?" एवढंच. आम्ही गेलो. वेट्रेसनं तिघांची मांडणी केली होती, आम्ही दोघंच आहोत हे पाहून ती क्षणभर थबकली आणि तिला कळलं. तिनं वहिनीला जवळ घेतलं. दोघी जणी तशाच उभ्या राहिल्या आणि मी मेन्यूत डोकं खुपसलं. तमाले आले. चव तीच होती, तसूभर इकडची तिकडे नाही. घरातलं सगळंच त्याच्या नसण्यानं बदललेलं होतं. त्याची खुर्ची, त्याचा चष्मा, फोनवरचा त्याचा आवाज, कशाकडे बघवत नव्हतं. इथं मात्र त्याला आवडणारी गोष्ट जशीच्या तशी समोर होती आणि ती आम्हाला खाता येत होती. त्या दिवशी वहिनी फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

सप्टेंबरात पितृपक्ष आला. वहिनीनं खीर केली, वडे तळले, आमसुलाची चटणी वाटली आणि मला तमाले आणायला पाठवलं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढायचं असतं, यावर तिला कुणाचा सल्ला नको होता. केळीच्या पानावर खिरीशेजारी सोललेला तमाले वाढला. मेक्सिकन लोकही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्यांसाठी ताट मांडतात, आवडीचे पदार्थ ठेवतात, भोवती झेंडूची आरास करतात. झेंडू मूळचा त्यांच्याच मुलखातला. आपण त्याला दसऱ्याच्या तोरणात बांधलं. दुःखाला हाताशी काहीतरी काम लागतं, हे दोन्हीकडच्या बायकांना फार आधीपासून माहीत आहे.

जुन्या रेस्टॉरंटचं मोल मला दादाच्या मागे कळलं. शंभर वर्षं एकच चव राखायची म्हणजे रोज पहाटे कुणीतरी तितक्याच निगुतीनं कणसं सोलायची, पीठ तितकंच सैल करायचं, 'चालतंय की' असं एकदाही म्हणायचं नाही. त्या अनोळखी हातांनी आमच्या घरातला एक माणूस सांभाळून ठेवला आहे. आपण हळहळतो आणि तेवढ्यात अशी रेस्टॉरंटं बंद पडतात. कारण आठवणींवर चूल पेटत नाही, ती गल्ल्यावर पेटते. ज्यांना त्यांची माया आहे त्यांनी जिवंतपणी जावं, जेवावं, बिल भरावं, सोबत लहानांना न्यावं. माझी पुतणी आजवर तमालेला हात लावत नसे. येत्या मे महिन्यात आम्ही तिघं जाणार आहोत आणि तिनं स्वतःसाठी एक अख्खा मागवायचं कबूल केलं आहे.